कोबोलचे आठ स्विच आणि एक तिरकी रेघ

बँकेचा रोजचा रिपोर्ट आणि महिनाअखेरचा रिपोर्ट बऱ्याचदा कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतल्या एकाच प्रोग्राममधून निघू शकतात, मग आज कुठला काढायचा हे त्याला सांगणार कोण? कोड बदलून परत कंपाइल करायचं, म्हणजे मशीनला चालेल अशा रूपात आणायचं, तर टेस्टिंग, मंजुऱ्या सगळंच पुन्हा, एवढ्याशा गोष्टीसाठी कोण करत बसणार. म्हणून आयबीएमच्या कोबोलमध्ये बाहेरून चालू-बंद करता येतील असे आठ स्विच असतात, यूपीएसआय-० ते यूपीएसआय-७. आठच का, तर १९६० च्या दशकातल्या डॉस/३६० सिस्टिममध्ये यासाठी एक बाइट राखलेला असायचा आणि बाइटमध्ये बिट आठच!

प्रोग्राममध्ये स्पेशल-नेम्स परिच्छेदात स्विच ऑन असेल तर त्याला काय म्हणायचं, ऑफ असेल तर काय, ते लिहायचं. समजा ऑनला मंथ-एंड नाव दिलं, की पुढे फक्त 'इफ मंथ-एंड' लिहिलं तरी चालतं.

खरी गंमत चालवताना आहे. झेड/ओएस या आयबीएम मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जेसीएलच्या, म्हणजे कुठला प्रोग्राम कसा चालवायचा ते सांगणाऱ्या भाषेच्या, एक्झेक स्टेटमेंटमध्ये पार्म='/यूपीएसआय(१०००००००)' असं देतात, डावीकडचा पहिला आकडा म्हणजे शून्य नंबरचा स्विच, आणि काहीच दिलं नाही तर सहसा आठही बंद. यातली ती तिरकी रेघ फार महत्त्वाची बरं का, कारण कोबोलच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये रेघेच्या आधीचं प्रोग्रामचं आणि नंतरचं रनटाइमचं, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेचं, त्यामुळे रेघ विसरलात तर सगळा मजकूर साधा डेटा म्हणून प्रोग्रामच्या हातात जातो, स्विच बंदच राहतात आणि महिनाअखेरीला रोजचाच रिपोर्ट निघतो, तोही एररशिवाय. सी किंवा पीएल/आय या भाषांमध्ये हाच क्रम बरोबर उलटा, म्हणजे दोन्हीकडे काम करणाऱ्यांचं डोकं फिरणारच.

एएस/४०० या आयबीएमच्याच दुसऱ्या सिस्टिमवर हेच स्विच जॉबला (चालवायच्या कामाला) चिकटलेले असतात, सबमिट करताना एसडब्ल्यूएस या पॅरामीटरमध्ये द्यायचे, नंतर चेंज-जॉबने बदलताना ज्याला हात लावायचा नाही तिथे एक्स टाकायचा. जीएनयू कोबोल या मोफत कंपाइलरमध्ये त्या स्विचच्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलला (प्रोग्रामबाहेर ठेवलेल्या सेटिंगला) ऑन म्हणायचं, झालं.

सोय छान आहे, पण जेसीएलमधल्या १०००००००कडे बघून त्या एकचा अर्थ काय हे कुणालाच कळत नाही, तो कळायला सोर्स उघडावाच लागतो. त्यामुळे मी तर म्हणेन, प्रोग्राम सुरू झाला की पहिल्यांदा डिस्प्लेने कुठला स्विच चालू आहे ते नावासकट लॉगमध्ये छापून टाका, दोन-चार ओळींचं तर काम आहे.