तारली गेली आणि परत आली

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात मान पापलेट-सुरमईचा. तारली कोपऱ्यातल्या पाटीत बर्फाखाली पडलेली असते, खवय्ये पुणेकर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण समुद्राची नाडी बघायची तर हाच मासा धरावा.

केरळच्या किनाऱ्यावर 2012 साली सुमारे 3.9 लाख टन तारली मिळाली. 2021 साली अवघी 3,297 टन. आणि 2022 मध्ये पुन्हा लाखाच्या घरात! बेसुमार मासेमारी होते, पिलंही उपसली जातात, हे खरंच. पण एवढे चढउतार नुसत्या जाळ्यांनी होत नाहीत.

तारली साफ करताना कल्ला उचलून पाहा. आत केसांसारख्या बारीक दातांची दाट चाळणी दिसेल. सुरमईला ती जवळजवळ नसतेच, कारण ती मासे गिळते. तारली मात्र पाणी गाळून त्यातल्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजे डायटम, खाते. हे डायटम वाढायला नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं, आणि त्याचा साठा खालच्या गार पाण्यात. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यालगत वारा दक्षिणेकडे वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी त्याच्या उजवीकडे, म्हणजे भर समुद्राकडे सरकतं आणि मोकळ्या जागी खालचं पाणी वर येतं.

समुद्र तापला की हे बिनसतं. मिसळीवर तर्री तरंगते तसा गरम, हलक्या पाण्याचा थर वर जाड होत जातो आणि वाऱ्याला खालचं पाणी ढवळून काढणं जड जातं. तारलीचं आयुष्य जेमतेम दोन-अडीच वर्षांचं, त्यामुळे लागोपाठचे दोन वाईट पावसाळे तिला पुरे होतात. 2015 च्या एल निनोनंतर (प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून नेहमीपेक्षा तापतं, तो एल निनो) केरळात तिची घसरण झाली, ती अशी. उलट गार पाणी फारच वर आलं तरी पंचाईत, त्यात प्राणवायू कमी असतो.

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या अँकोव्ही या छोट्या माशाचीही हीच गत. 1970 मध्ये सव्वा कोटी टनांच्या आसपास असलेली पकड 1972 च्या एल निनोनंतर 1973 मध्ये वीसेक लाखांवर आली.

आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये दाखवलं, की पश्चिम हिंद महासागरातल्या या सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत 20 टक्क्यांपर्यंत घटल्या. समुद्रापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बसून केलेलं हे काम.

मागच्या आठवड्यात बाजारातल्या मासेवाल्या मावशींना विचारलं, "तारली कुठली?" "मंगळूरची," म्हणाल्या, "वाटा घेताय की नुसतंच विचारताय?"