मर्लो म्हणून वाढली ती कार्मेनेर

चिलीची रेड वाइन म्हटलं की आता कार्मेनेरचं नाव निघतंच, पण १९९४ पर्यंत हे द्राक्ष आपल्याच मळ्यात आहे याचा तिथे कुणाला पत्ता नव्हता.

मूळ वाण फ्रान्सचा, बोर्दोच्या मेडॉक भागातला. वाइन चांगली व्हायची पण शेतकऱ्याला त्रासच फार, वसंतात जरा थंडी-पाऊस झाला की फुलगळ होऊन घड विरळ राहायचे, आणि पिकायलाही उशीर. मग १८६० नंतर फायलोक्सेरा आला, मुळांना लागणारी बारीक कीड, तिने फ्रान्सचे मळेच्या मळे उद्ध्वस्त केले. नंतर या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटांवर कलमं करून नव्याने लागवड झाली तेव्हा लोकांनी मर्लो आणि कॅबर्ने हे भरवशाचे द्राक्षवाण लावले, कार्मेनेर जवळपास संपलीच असं सगळे धरून चालले.

पण त्याआधीच, १८५० च्या दशकात, चिलीतल्या श्रीमंत जमीनदारांनी बोर्दोहून रोपं नेली होती, त्यात सिल्व्हेस्त्रे ओचागाविया यांचं नाव पहिलं घेतात. त्या रोपांत कार्मेनेरही होती. एका बाजूला अँडीज, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक, उत्तरेला अटाकामा वाळवंट, या आडोशामुळे फायलोक्सेरा चिलीत आजतागायत पसरलेला नाही.

फक्त ओळख पुसली गेली. पानं मर्लोसारखी दिसतात, त्यामुळे दोन्ही वेली एकाच मळ्यात मिसळून वाढल्या आणि सगळ्यालाच मर्लो म्हणायला लागले. खरी गडबड इथेच आहे. कार्मेनेर मर्लोपेक्षा तीन-चार आठवडे उशिरा पिकते आणि तोडणी मात्र एकदमच व्हायची, म्हणजे अर्धा माल पिकलेला अर्धा कच्चा, आणि कच्च्या कार्मेनेरला ढोबळी मिरचीचा सणसणीत वास येतो (पायराझिन नावाच्या घटकामुळे, मणी पिकत जातात तसा तो कमी होतो). चिलीची मर्लो अशी हिरवट का लागते याचं उत्तर त्या मळ्यातच उभं होतं!

२४ नोव्हेंबर १९९४ ला फ्रान्समधल्या माँपेलियेचे द्राक्षतज्ज्ञ जाँ-मिशेल बुर्सिको माइपो खोऱ्यातल्या कार्मेन वायनरीच्या मळ्यात फिरत होते, तिकडे तो फुलोऱ्याचा मोसम, आणि फुलातले पुंकेसर मर्लोसारखे सरळ नाहीत, वाकडे आहेत हे त्यांनी पाहिलं. ही मर्लो नाही, कार्मेनेर आहे! मला तरी वाइनच्या इतिहासात याहून भारी शोध माहीत नाही, कारण यात प्रयोगशाळा नाही, नुसती नजर आहे. १९९८ च्या सुमारास चिलीत वाणाला सरकारी मान्यता मिळाली, तोडणी एप्रिल-मेपर्यंत लांबली आणि चव पालटली, काळी फळं, कोको, मऊ टॅनिन (म्हणजे तुरटपणा), मागे मिरचीची हलकीशी झाक. प्यायची तर चिलीतल्या पेउमो किंवा अपाल्ता भागातली बघा.

ती झाक राहते म्हणूनच जेवणाशी जमते. चिलीत निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाबरोबर, म्हणजे आसादोबरोबर घेतात, खिमा-कांदा भरलेल्या, करंजीसारख्या एम्पानादाबरोबर पण. माझं मत पास्तेल दे चोक्लोला, खाली खिमा, कांदा, चिकन, अंडं, ऑलिव्ह आणि वर वाटलेल्या मक्याचा थर देऊन भाजतात, मक्याची गोडी आणि वाइनमधली मिरची एकमेकांना मस्त सावरतात. नाजूक माशाबरोबर मात्र नको, मासा पार झाकून जातो.