परीकथा व ख्रिस्ती बालशिक्षण

राजकन्या, राक्षस, बोलणारे प्राणी आणि जादू यांच्या कल्पित कथा मुलांना सांगाव्यात का, आणि त्यांतून श्रद्धेचे काही पोषण होते का, यासंबंधी ख्रिस्ती परंपरेत झालेला विचार. ठाणे परिसरात या प्रश्नाला स्थानिक लोककथांचीही बाजू आहे.

हरकत घेणारे मुख्यतः दोन वचनांचा आधार देतात. बायबलच्या नव्या करारातील तीमथ्याला पहिल्या पत्रात (४:७) आजीबाईच्या कहाण्यांपासून दूर राहण्याची सूचना आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकात (१८:१०–१२) जादूटोणा निषिद्ध ठरवला आहे. इंग्लंडमध्ये सेरा ट्रिमर यांच्या नियतकालिकात (१८०२–०६) सिंड्रेलेच्या गोष्टीने मुलांच्या मनात मत्सर व सावत्र आईविषयी आकस रुजतो, अशी टीका आली. तीमथ्याच्या पत्रातील रोख मात्र तत्कालीन खोट्या शिकवणीवर असावा, मुलांच्या गोष्टींवर नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जुन्या करारातील ‘शास्ते’ या पुस्तकात (अध्याय ९) योथाम लोकांना जी गोष्ट सांगतो, तिच्यात झाडे राजा शोधत फिरतात आणि शेवटी काटेझुडपाला गादी देतात. कल्पित कथा पवित्र शास्त्रालाच वर्ज्य नाही.

अनुकूल विचाराची मांडणी इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांनी १९०८–०९ च्या सुमारास केली. त्यांच्या मते भीती मुलाच्या मनात आधीपासूनच असते, ती परीकथेने येत नाही. राक्षस मारला जाऊ शकतो, हे मात्र परीकथा सांगते. ‘नार्निया’ कथांचे लेखक सी. एस. लुईस यांनी १९५२ मध्ये याच अंगाने लिहिले: मुलाला पुढे क्रूर शत्रू भेटणारच आहेत, तर शूर सरदारांच्या गोष्टी त्याने आधी ऐकलेल्या बऱ्या. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांचे ८ मार्च १९३९ चे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील व्याख्यान (विस्तारित रूपात प्रसिद्ध १९४७) याहून खोल जाते. सर्व आशा संपल्यावर कथेला मिळणारे आनंदाचे अनपेक्षित वळण ते परीकथेचे सर्वोच्च लक्षण मानतात, आणि ख्रिस्ताचा जन्म हे मानवी इतिहासातील, तर पुनरुत्थान हे ख्रिस्ताच्या देहधारणेच्या कथेतील तसे वळण होय, असे म्हणतात. परीकथा ही केवळ मुलांची मालमत्ता, हे मात्र त्यांना मान्य नव्हते. शिक्षणदृष्ट्या टॉल्किन यांचा विचार सर्वांत मोलाचा आहे; तो कथेला तात्पर्याच्या दावणीला बांधत नाही.

ठाणे हे साष्टी बेटाच्या ईशान्य टोकाला आहे. या बेटावरील ख्रिस्ती लोकांत सांगितल्या जाणाऱ्या कथा जॉर्ज डिपेन्हा यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात १८८७ पासून पुढे काही वर्षे प्रसिद्ध केल्या. त्यांत सिंड्रेलेच्या वळणाची एक कथा आहे. ती पोर्तुगीज अमलात (१५३४–१७३९) युरोपातून आली, असा एक तर्क. परंतु युरोपातील प्रसिद्ध पाठ इटलीतील बासिले (१६३४–३६) व फ्रान्समधील पेरो (१६९७) यांचे, म्हणजे पोर्तुगीज येथे आल्यानंतरचे आहेत. चीनमधील तशी कथा नवव्या शतकात लिहिलेली आढळते. मौखिक पाठ अर्थातच लिखितापेक्षा जुने असू शकतात, त्यामुळे निव्वळ सनावळीने निकाल लागत नाही. तरीही साष्टीच्या कथांतील राजे, राण्या व राक्षस हा ऐवज देशी वळणाचा आहे. धर्मांतरापूर्वीचा कथासाठा घराघरांत टिकला आणि त्यात बाहेरची भर पडली, हे अनुमान अधिक संभवनीय दिसते. तसे असल्यास, प्रार्थना म्हणणारी आणि राक्षसाची गोष्ट सांगणारी आजी येथे पिढ्यान्‌पिढ्या एकच होती. वर उल्लेखिलेल्या वादात या साक्षीला वजन दिले पाहिजे.

परीकथा आणि संतकथा यांतील भेद मुलांना सांगणे आवश्यक आहे. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिस यांच्या संघातील) धर्मगुरूंचा व धर्मबंधूंचा वध झाला. त्यांचे सहप्रवासी जॉर्डानस यांचे समकालीन पत्र त्याला आधार आहे. पुढे फ्रान्सिस्कन प्रवासी ओदोरिक यांनी आपल्या प्रवासवृत्तात हीच हकिकत दिली. आगीत टाकूनही एकाला इजा झाली नाही, असा प्रसंग तीत येतो. मुलाला हे सांगताना घडलेली घटना, श्रद्धेने जपलेला प्रसंग आणि निखळ कल्पित यांची गल्लत होऊ देऊ नये. हा विवेक लहानपणी लागला नाही, तर मोठेपणी पुनरुत्थानही परीकथेच्याच खात्यात जमा होते.

मराठी प्रोटेस्टंट वाङ्मयात आरंभी कल जादूच्या कथेपेक्षा रूपककथेकडे होता. इंग्रज लेखक जॉन बनियन यांच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेचा हरि केशवजी यांनी केलेला ‘यात्रिकक्रमण’ हा अनुवाद १८४१ चा. मुलांसाठीचे ‘बालबोधमेवा’ हे मिशनचे मासिक १८७० नंतरच्या दशकातील. ठाणे व नवी मुंबईत आज चर्चमधील शिकवणीचा भर कॅथलिकांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि प्रोटेस्टंटांच्या शब्बाथ शाळेत बायबलमधील कथांवर असतो. परीकथा घरी, आईवडिलांकडून किंवा पुस्तकांतून, मराठीत व इंग्रजीतही, मुलांपर्यंत पोचते.