हिरवी टिक म्हणजे बॅकअप नव्हे

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर गूगल ड्राइव्हमध्ये टाकला, आयकॉनवर हिरवी टिक आली, की "आपला बॅकअप चालू आहे" असं समजून लोक निर्धास्त होतात. चालू असतं ते सिंक.

सिंकचं काम एवढंच, की इथे जे आहे तेच तिथे ठेवायचं. मार्चची एक्सेल शीट चुकून डिलीट झाली, की क्लाउडवरूनही गेली. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइल्स अडवणाऱ्या व्हायरसने, फाइल्सना कुलूप घातलं, तर कुलूपबंद फाइल्सही इमानेइतबारे वर चढतात. बॅकअप ही ठरावीक वेळेची वेगळी प्रत असते. मूळ फाइलचं काहीही होवो, ती बदलत नाही.

"पण डिलीट केलेल्या फाइल्सचा ट्रॅश आहे की!" आहे, मुदतीचा. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल 30 दिवस टिकते. त्यानंतर वर्कस्पेसच्या, म्हणजे गूगलच्या ऑफिस खात्यांच्या, अ‍ॅडमिनला ती परत आणायला आणखी 25 दिवस मिळतात. वनड्राइव्हच्या बिझनेस खात्यात मुदत 93 दिवस, घरगुती खात्यात 30. एप्रिलमध्ये उडालेलं बिल ऑगस्टमध्ये जीएसटीच्या नोटिशीमुळे आठवलं, तर यातलं काहीच कामाचं नाही. शिवाय ट्रॅश त्याच खात्यात असतो. पासवर्ड चोरणारा तोही रिकामा करतो.

दोघांनी मिळून वापरायच्या कोटेशन शीटला सिंक उत्तम. टॅलीच्या चालू डेटाला मात्र नकोच. टॅलीत कंपनीचे हिशेब उघडे असताना ते एकाच वेळी अनेक फाइल्समध्ये लिहीत असतं. सिंक त्यातल्या काही आधी उचलतं, काही नंतर. वर जातो तो अर्धा जुना, अर्धा नवा संच, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की डेटा करप्ट.

म्हणून डेटा साध्या लोकल फोल्डरातच ठेवा. संध्याकाळी सगळे टॅलीतून बाहेर पडले, की टॅलीप्राइममध्ये ऑल्ट+वाय दाबून बॅकअप घ्या. सोमवार ते शनिवार असे सहा फोल्डर करा, म्हणजे आजची बिघडलेली प्रत कालच्या चांगल्या प्रतीवर बसणार नाही. महिनाअखेरची प्रत कायमची बाजूला. एक प्रत एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली डिस्क रॅन्समवेअर सोडत नाही. दुसरी प्रत क्लाउडवर, पण रोजच्या मेलच्या नव्हे, वेगळ्या खात्यात. त्याचा पासवर्ड वेगळा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू, आणि ते खातं ऑफिसच्या ब्राउझरमध्ये लॉग-इन करून ठेवलेलं नको.

प्रायव्हेट लिमिटेड असाल, तर इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं ऑगस्ट 2022 पासून नियमानेच बंधनकारक आहे. तिथे कपाटातली डिस्क पुरत नाही.

महिन्यातून एकदा बॅकअप रिस्टोअर करून बघा, पण रिकाम्या, नव्या फोल्डरात. चालू डेटाच्या फोल्डरात केला, तर आजच्या नोंदींवर जुन्या नोंदी बसतील. मग बॅकअपच्या तारखेचा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) चालू डेटात आणि रिस्टोअर केलेल्या प्रतीत काढून रुपयापर्यंत जुळवा.