'डील'वाला तोच खरा कॉर्पोरेट वकील?

लॉ फर्ममध्ये नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक असोसिएटच्या (कनिष्ठ वकिलाच्या) कानावर हे पडतंच: विलीनीकरण-अधिग्रहणाच्या, म्हणजे कंपन्या एकत्र करण्याच्या किंवा विकत घेण्याच्या 'डील'च्या टीममध्ये गेलात तर खरे कॉर्पोरेट वकील, बाकी सगळे त्यांचे मदतनीस. हा समज चुकीचा आहे.

बातमीत डील झळकते, ज्युनियरच्या वाट्याला डेटा रूम येते, म्हणजे विकल्या जाणाऱ्या कंपनीच्या कागदपत्रांचा साठा. शेकडो करार वाचायचे, कंपनीचं नियंत्रण बदललं तर समोरच्याला करार मोडता येतो का ते शोधायचं आणि अहवालात नोंदवायचं. वाटाघाटीच्या टेबलावर बोलायला मिळायला वर्षं जातात. कर्जव्यवहारांच्या कामात मात्र मसुदे बरेचसे ठरलेल्या साच्याचे असतात. त्यामुळे रक्कम वितरित होण्याआधीच्या अटींची यादी ज्युनियरकडेच येते, आणि दोन्हीकडच्या वकिलांना फोनही तोच करतो. जबाबदारी लवकर हवी असेल तर हे काम कमी प्रतीचं कसं?

शिवाय डील बाजाराच्या लहरीवर चालतात. 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक कोसळल्यावर अधिग्रहणं थंडावली आणि दिवाळखोरी-पुनर्रचनेचे वकील रात्री जागू लागले. करविषयक काम तर दोन्ही काळात लागतं, कारण व्यवहाराची रचनाच अनेकदा कर पाहून ठरते. (तिथे एकदा मुरलात की बाहेर पडणं थोडं जड जातं, हेही खरं.)

निवडण्याआधी त्या टीममधल्या तिसऱ्या वर्षाच्या असोसिएटला विचारा, गेल्या मंगळवारी दिवसभर काय केलंत? फर्मच्या भागीदाराला विचारू नका. तो मोठ्या डीलचीच गोष्ट सांगेल.