ब्लॅक सॅबथ

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात १९६८ साली उभा राहिलेला बँड. हेवी मेटल या संगीतप्रकाराचा उगम बहुतेक जाणकार याच बँडपाशी नेऊन ठेवतात, आणि ते रास्तच आहे. क्रीम आणि लेड झेपलिन या इंग्रज बँड्सनी ब्लूजला, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताला, आधीच भरदार आवाज दिला होता. सॅबथचे चौघेही ब्लूज वाजवतच आले, पण वर्षभरात त्यांनी संथ, काळोखी, छातीवर दगड ठेवल्यासारखे काहीतरी वाजवायला सुरुवात केली. त्याला तेव्हा नाव नव्हते.

गिटारवर टोनी आयोमी, बासवर गीझर बटलर, ड्रम्सवर बिल वॉर्ड आणि गायक ऑझी ऑसबॉर्न. चौघेही १९४८-४९ मध्ये जन्मलेले, बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातल्या आणि आसपासच्या कामगार वस्तीतले. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी पडलेल्या मोकळ्या जागा हीच त्या पोरांची खेळायची मैदाने. शाळा संपली की कारखाना, हा रस्ता ठरलेला. ऑझीने कत्तलखान्यात काम केले, मोटारींचे हॉर्न तपासले, घरफोडीच्या गुन्ह्यात दंड भरता आला नाही म्हणून काही आठवडे तुरुंगातही काढले.

या बँडचा आवाज समजून घ्यायचा तर आयोमीच्या उजव्या हाताकडे पाहावे लागते. सतरा वर्षांचा आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करत होता. एका बँडबरोबर दौऱ्यावर जायचे ठरले, म्हणून त्याने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी जेवायला घरी आला तेव्हा दुपारी परत जायचा त्याचा विचार नव्हता. ‘काम पुरे करून ये’ म्हणून आईने पाठवले. त्या दिवशी यंत्रावरचा कामगार आला नव्हता, म्हणून याला तिथे उभे केले. यंत्र खाली आले आणि मधले बोट व अनामिका यांची टोके गेली. आयोमी डावखुरा. गिटारच्या पडद्यांवर तारा दाबायचा त्याचा हात नेमका उजवाच.

तो खचला होता. कारखान्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली आणि मग सांगितले, की हा वादक भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवतो. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून गोळा केला, बोटात बसेल अशी टोपणे घडवली आणि पकड यावी म्हणून त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवले. नेहमीच्या जाड तारा दाबताना दुखायचे, म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या अल्बममध्ये त्याने काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. उतरलेली तार सैल पडते, बोटाला सोपी जाते आणि तिचा आवाज खोल, घुमारदार होतो. उतरवलेल्या तारांची ही रीत नंतर मेटलमध्ये सर्रास रुळली. मूळ गरज मात्र एका जखमी हाताची होती.

सुरुवातीला बँडचे नाव ‘पोल्का टल्क ब्लूज बँड’, नंतर ‘अर्थ’. १९६८ च्या शेवटी आयोमी थोडे दिवस जेथ्रो टल या दुसऱ्या बँडमध्ये गेला आणि परत आला. त्या बँडमध्ये सकाळी वेळेवर हजर राहून नेमाने सराव होतो हे त्याने पाहिले, आणि आपल्या तिघांनाही तीच शिस्त लावली. ‘अर्थ’ नावाचा दुसरा एक बँड निघाल्याने नाव बदलणे भागच होते. तालमीच्या जागेसमोरच्या चित्रपटगृहात ‘ब्लॅक सॅबथ’ हा इटालियन भयपट लागला होता. लोक भिण्यासाठी पैसे मोजतात, हे पाहून १९६९ मध्ये त्यांनी तेच नाव घेतले.

याच नावाच्या त्यांच्या गाण्याचा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी धून, अवघ्या तीन स्वरांचा आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज, मग तार षड्ज, आणि तिथून उतरून तीव्र मध्यम. हार्मोनियमवर सावकाश वाजवून पाहावे. यमनमध्ये हाच तीव्र मध्यम लोभस वाटतो, कारण त्याला गंधार आणि पंचमाचा शेजार असतो. इथे तो एकटा, उघडा आणि थरथरता ठेवला आहे. युरोपीय संगीतात या स्वरांतराला जुन्या काळापासून ‘सैतानी’ म्हणत आले. होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची ‘मार्स’ ही रचना बटलरच्या मनात घोळत होती, तिचाही यात वाटा आहे.

पहिला अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनमध्ये एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला. सुरुवातीला पाऊस, ढगांचा गडगडाट आणि दूरवरची घंटा ऐकू येते. ते नंतर जोडलेले आहे. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवारी तो बाजारात आला. समीक्षकांनी झोडपले, श्रोत्यांनी मात्र ब्रिटनच्या यादीत त्याला आठव्या क्रमांकावर नेले. त्याच सप्टेंबरात आलेला ‘पॅरॅनॉइड’ थेट पहिल्या क्रमांकावर गेला. शीर्षकगीत तर जागा भरायला म्हणून शेवटच्या घटकेला काही मिनिटांत रचलेले.

सैतानपूजक हा शिक्का या बँडला आयुष्यभर चिकटला, आणि तो अन्यायाचा आहे. बहुतेक गीते बटलरने लिहिली. तो कॅथलिक घरातला. गूढविद्येचे त्याला कुतूहल होते, पण त्या पहिल्या गाण्यातला माणूस समोरची काळी आकृती पाहून गर्भगळीत होतो, देवाचा धावा करतो. ‘वॉर पिग्ज’मध्ये युद्ध पेटवून स्वतः सुरक्षित राहणारे सत्ताधारी आहेत, तो काळ व्हिएतनाम युद्धाचा होता. चौघांच्या गळ्यातले क्रूस तर ऑझीच्या वडिलांनी धातूपासून स्वतः करून दिले होते.

‘व्हॉल्यूम ४’ (१९७२) आणि ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’ (१९७३) पर्यंत बँड भरात होता. दारू आणि कोकेनने मग पोखरले. १९७९ मध्ये ऑझीला काढून टाकले. त्याच्या जागी आलेल्या रॉनी जेम्स डिओने ‘हेवन अँड हेल’ (१९८०) मध्ये बँडला अक्षरशः नवा गळा दिला. गायक म्हणून तो ऑझीपेक्षा निःसंशय सरस होता. त्यानंतरची पंधरा वर्षे माणसांच्या ये-जा करण्यात गेली. इयन गिलन, ग्लेन ह्यूज, टोनी मार्टिन असे गायक बदलले. कायम राहिला तो आयोमी.

१९९७ मध्ये मूळ चौघे बर्मिंगहॅमच्या रंगमंचावर पुन्हा एकत्र आले. २०१२ च्या सुरुवातीला आयोमीला लिम्फोमा झाल्याचे कळले. उपचार घेत घेत त्याने ‘१३’ हा अल्बम पुरा केला. वॉर्ड मात्र कराराच्या वादामुळे त्यात नव्हता. २०१३ मध्ये हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, ‘पॅरॅनॉइड’नंतर पहिल्यांदाच. ४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅममध्येच निरोपाच्या दौऱ्याचा शेवट झाला, तोही वॉर्डविना. ती सल चाहत्यांच्या मनात राहिली.

ती भरून निघाली ५ जुलै २०२५ रोजी, ॲस्टनच्या व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर. ऑझीचे बालपणीचे घर तिथून हाकेच्या अंतरावर. सामन्याला आलेल्यांच्या गाड्या राखून तो लहानपणी चार पैसे मिळवत असे. पार्किन्सन्समुळे त्याला उभे राहता येत नव्हते, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गायला. ड्रम्सवर वॉर्ड होता. चौघांनी चार गाणी वाजवली, शेवटचे ‘पॅरॅनॉइड’. सतरा दिवसांनी, २२ जुलैला ऑझी गेला. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली आणि बँडच्याच नावाच्या पुलावर, फुलांच्या ढिगापाशी थांबली.