दगड लागून गाडीच्या रंगाचे टवके उडणं टाळायचंय? मग सिरॅमिक की पीपीएफ ते आधी नीट समजून घ्या

नवी गाडी बुक केली की डिलिव्हरीच्या आधी शोरूममधून फोन येतोच, सर सिरॅमिक कोटिंग करून टाका, नाइन एच आहे, खडी लागली तरी काही होत नाही. मग आपण पंधरा-वीस हजार देऊन मोकळे होतो, आणि हायवेच्या दोन-चार चकरा झाल्या की बोनेटच्या पुढच्या कडेला पांढरे ठिपके दिसायला लागतात, तेव्हा प्रश्न पडतो की कोटिंग असून टवके उडालेच कसे. अहो ते कोटिंगचं कामच नाहीये! टवक्यांसाठी पीपीएफ असतं, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. दोन्ही गोष्टी एकाच दुकानात, एकाच रेटकार्डवर, 'पेंट प्रोटेक्शन' याच नावाखाली विकतात म्हणून हा सगळा घोळ होतो.

फरक कळायला फक्त जाडी बघा. कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट असे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. सिरॅमिक हे सिलिकावालं लिक्विड, कापडाच्या पॅडने पुसून लावतात आणि सुकल्यावर त्याचा थर राहतो जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. पीपीएफ १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे अख्ख्या मूळ रंगापेक्षा जाड, आणि ते टीपीयूचं म्हणजे एका प्रकारच्या पॉलियुरेथेनचं असतं, त्यामुळे दगड आदळला की ते दबतं, मार आजूबाजूला पसरवतं आणि परत जागेवर येतं. सिरॅमिक कडक आहे हे खरं, पण इतका पातळ कडक थर मार झेलत नाही, खालच्या रंगासकट उडून जातो.

आणि ते नाइन एच, ती पेन्सिलची टेस्ट आहे. ठरावीक दाबाने वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली पृष्ठभागावर फिरवतात आणि कुठल्या पेन्सिलीने चरा पडतो ते बघतात, ९एच ही त्यातली सगळ्यात कडक. म्हणजे पेन्सिलीने चरा पडला नाही एवढाच त्याचा अर्थ, ताशी १०० ने आपटणाऱ्या खडीशी त्याचा काही संबंध नाही. उलट पीपीएफचा जन्मच माऱ्यासाठी झालाय, व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन हेलिकॉप्टरची पाती वाळू-दगडांनी झिजायची म्हणून त्यांवर अशी पॉलियुरेथेनची फिल्म लावायला लागले आणि तीच कल्पना पुढे गाड्यांवर आली.

आपल्याकडे हा प्रश्न खराच मोठा आहे. पुण्यात वाघोली, मोशीच्या बाजूने खडी भरलेले डंपर वर ताडपत्री न टाकताच निघतात, हायवेवर कुठे ना कुठे काम चालू असतं, डायव्हर्जनवर नुसती गिट्टी पसरलेली असते आणि पुढच्या ट्रकच्या टायरमधून ती सरळ आपल्या बंपरवर येते. वेग दुप्पट झाला की माऱ्याची ताकद चौपट होते, त्यामुळे फक्त शहरात फिरणाऱ्या गाडीला आणि दर शनिवारी एक्सप्रेसवे पकडणाऱ्या गाडीला एकच सल्ला लागू होत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, पूर्ण गाडीला पीपीएफ लावायची बहुतेकांना गरज नाही. बंपर, बोनेट, पुढचे दोन फेंडर, आरशांची पाठ, आणि चाकांच्या मागचा दरवाज्याखालचा पट्टा, एवढं केलं तरी टवक्यांच्या बहुतेक जागा झाकल्या जातात आणि खर्च पूर्ण गाडीच्या मानाने बराच कमी येतो (पूर्ण गाडीचा चांगल्या फिल्मचा खर्च लाखाच्या आसपास किंवा वर सहज जातो). बोनेट घेतलंत तर पूर्ण घ्या, अर्ध्या बोनेटवरच्या फिल्मच्या कडेला धूळ बसून आडवी काळी रेघ तयार होते आणि पांढऱ्या गाडीवर ती लांबूनही दिसते.

फिल्म घेताना ती टीपीयूची आहे का पीव्हीसीची हे आधी विचारा. स्वस्तातली पीव्हीसी फिल्म उन्हात पिवळी पडते, कडक होते, आणि काढताना गोंद मागे राहतो. तुकडा मागून हाताने ताणून बघा, टीपीयू रबरासारखं ताणलं जाऊन बरंचसं परत येतं. आणि फिल्म गाडीवर ठेवून ब्लेडने कापणार की मशीनवर आधी कापून आणणार हे विचारायला अजिबात लाजू नका, कारण ब्लेड जरा जोरात फिरलं तर क्लिअर कोटवर कायमची रेघ पडते, जी फिल्मखाली लपते आणि फिल्म काढल्यावरच कळते. 'सेल्फ हीलिंग' असतं ते बारीक चऱ्यांपुरतं, ऊन किंवा गरम पाण्याने ते भरून येतात, मोठ्या दगडाने फिल्म फाटली तर ती जुळून येत नाही, तेवढा पॅनल बदलावा लागतो.

मग सिरॅमिक वाया का? बिलकुल नाही. चिखल कमी चिकटतो, धुणं सोपं होतं, चमक टिकते, पक्ष्यांची घाण वेळेत पुसली तर डाग राहायची शक्यता कमी. फक्त सोसायटीत बोअरच्या पाण्याने गाडी धुवून उन्हात तशीच सोडली तर क्षारांचे पांढरे गोल डाग सिरॅमिकवरही बसतात, म्हणून लगेच मायक्रोफायबरने पुसून घ्या. बजेट असेल तर पुढे पीपीएफ आणि बाकी गाडीला सिरॅमिक हे सगळ्यात चांगलं, पण क्रम सांभाळा, आधी फिल्म मग कोटिंग. कोटिंगवर गोंद नीट धरत नाही आणि कडा उचलायला लागतात.

वॉरंटीचा कागदही वाचा. सिरॅमिकची पाच वर्षं म्हणजे चमक आणि पाणी ओघळण्याची, तीही दरवर्षी पैसे भरून मेंटेनन्सला गेलात तर, आणि पीपीएफची सहसा पिवळेपणा, फुगे आणि तडे जाण्याची. दगडाच्या माराची वॉरंटी सहसा कुणीच देत नाही.

आणि टवका आधीच उडालेला असेल तर फिल्म लावायच्या आधी तो टच-अप पेनने भरून पूर्ण सुकू द्या, नाहीतर फिल्मखाली तो तसाच दिसत राहतो. बंपर प्लास्टिकचा, तिथे गंजाची भीती नाही, पण बोनेटचा पत्रा उघडा पडला असेल, त्यातून गाडी रत्नागिरी-मालवणकडे खाऱ्या हवेत उभी राहत असेल, तर पावसाळ्याआधीच हे काम उरकून घ्या.